सातशे रुपयांचा आकडा सांगून गेलेल्या सल्लागारांस



तुमचं नाव या पत्रात येणार नाही. कुंभकोणमात ते आता फारसं कुणाला आठवतही नाही. आठवतो तो तुमचा आकडा. शेतातली मोटार घरबसल्या रेडिओवरून चालू-बंद करणारी पेटी ७०० रुपयांत होते, असं तुम्ही भरसभेत सांगितलंत, पडद्यावर भागांची यादी दाखवलीत, खाली बेरीज दाखवलीत आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलात. ती बेरीज खरी मानून एका तरुणाने आणि एका तरुणीने कारखाना काढला. शेतकऱ्यांकडून आगाऊ पैसे घेतले. तो कारखाना आज बंद आहे. मी छोटी रेडिओ यंत्रं बनवण्याच्याच धंद्यात आहे, पुण्यात शिकलो, कामासाठी या गावात राहतो. ही पडझड मी जवळून पाहिली, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

गरज खरी होती, हे आधी मान्य करतो. कावेरीच्या या खोऱ्यात भाताच्या खाचरावर पंप असतो आणि घर असतं गावात, किलोमीटर-दीड किलोमीटर लांब. थ्री-फेज वीज कधी येईल त्यावर झोपेचं वेळापत्रक ठरतं. रात्री बॅटरी घेऊन बांधावरून चालत जायचं, सापाची भीती, पाय घसरण्याची भीती. रात्रपाळीच्या विजेने मराठवाड्यातला आणि पश्चिम महाराष्ट्रातला शेतकरी जसा पिडलेला आहे, तसाच हा. सिमकार्डावर चालणारे स्टार्टर मिळतात, पण त्यांना वेळोवेळी रिचार्ज लागतो आणि मोटारीपाशी मोबाइलला रेंज लागते. म्हणून स्वतःचा छोटा रेडिओ हवा, हे बरोबरच होतं. तुम्ही दुखणं बरोबर ओळखलंत आणि औषधाची किंमत चुकीची सांगितलीत. तुम्ही जाणकार आहात, त्यामुळे ही चूक अजाणतेपणी झाली असं मी मानत नाही. पूर्ण हिशेब सांगितला असता तर त्या दिवशी टाळ्या पडल्या नसत्या.

तुमची यादी मला पाठ आहे. चिप, क्रिस्टल, सर्किट बोर्ड, रिले, छोटा वीजपुरवठा, प्लास्टिकचा डबा, आणि शेवटच्या ओळीत अँटेना: ‘तार, साडेआठ सें.मी.’ त्या तारेला तुम्ही पुरता रुपयाही लावला नव्हता.

त्या तारेपासूनच सुरुवात करू.

तुमच्या पेटीचा रेडिओ ८६६ मेगाहर्ट्झवर बोलतो. त्या लहरीची लांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर. तिचा पाव भाग साडेआठ-पावणेनऊ सेंटिमीटर. इथपर्यंत तुमचं पुस्तक बरोबर आहे. पण ही लांबी मोकळ्या हवेतल्या, खाली मोठा धातूचा पत्रा असलेल्या तारेची. तीच तार प्लास्टिकच्या डब्यात घातली की सूर उतरतो. शेजारी ट्रान्सफॉर्मर आला, रिलेची वायर आली, डब्याला मागून लोखंडी पट्टी लागली, की पुन्हा बदलतो. मग चिप आणि तार यांच्या मध्ये दोन-तीन बारीक कपॅसिटर-इंडक्टरांचं जाळं लावून दोघांचा मेळ घालावा लागतो. ते भाग अगदी स्वस्त आहेत. कोणत्या किमतीचे लावायचे, हे कळण्यासाठी मात्र व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर हे मापनयंत्र लागतं. २०१९च्या सुमारास नॅनोव्हीएनए नावाचं त्याच प्रकारचं, हातात मावणारं यंत्र काही हजारांत मिळू लागलं, हे आमच्यासारख्यांवर मोठे उपकार आहेत. त्याआधी हेच माप घ्यायला लाखांचं यंत्र लागे. पण यंत्र हातात आलं म्हणून मोजता येतंच असं नाही. केबल कुठे धरायची, कॅलिब्रेशन कुठवर करायचं, डबा बंद करून मोजायचं की उघडा ठेवून, हे शिकण्यात महिने जातात. त्या महिन्यांत घरभाडं द्यावं लागतं. तुमच्या यादीत घरभाड्याची ओळ नव्हती.

बरं, मेळ जमला. आता ती पेटी शेतात नेऊ.

दीड किलोमीटरच्या अंतरावर दोन अँटेनांच्या मध्ये लहरीला जी मोकळी जागा लागते, तिची मधोमध त्रिज्या या फ्रिक्वेन्सीला सुमारे ११ मीटर भरते. फ्रेनेल झोन म्हणतात त्याला, आणि सल्लागाराला हे नाव माहीत असायलाच हवं. त्यातला किमान साठ टक्के भाग मोकळा हवा, म्हणजे जवळपास सात मीटर. तुमची तार मोटारीच्या स्टार्टरपेटीत, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर. मध्ये नारळी, केळी आणि पावसात निथळणारं उभं भात. पानांतलं पाणी सिग्नल गिळतं. म्हणून खांब उभारावा लागतो. खांब आला की केबल आली. बाजारात सहज मिळणारी साधी आरजी-५८ केबल या फ्रिक्वेन्सीला दर मीटरला साधारण अर्धा डेसिबल खाते. दहा मीटर केबल म्हणजे पाच डेसिबल, म्हणजे दोन-तृतीयांश शक्ती अँटेनापर्यंत पोचायच्या आधीच केबलमध्ये जिरते. ते टाळायचं तर रेडिओच खांबावर चढवावा लागतो. मग पाणी आत न शिरणारा डबा हवा, वरपर्यंत वीज न्यायला हवी, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर जो ईशान्य मोसमी पाऊस या किनाऱ्याला झोडपतो त्यातल्या विजांपासून संरक्षण हवं, जमिनीत अर्थिंग हवं. खांब, क्लॅम्प, अर्थिंगची पट्टी, खड्डा खणणाऱ्याची मजुरी. महाशय, रुपयाच्या आतल्या तुमच्या तारेने इथवर किती पैसे खाल्ले ते मोजा. मी मोजले आहेत. फक्त खांबाचा खर्च तुमच्या अख्ख्या पेटीपेक्षा जास्त होतो.

आता क्रिस्टल. तुम्ही यादीत सगळ्यात स्वस्त निवडलंत. त्यावर लिहिलेलं असतं ±२० पीपीएम, दहा लाखांत वीस. ऐकायला अगदी नगण्य वाटतं. ८६६ मेगाहर्ट्झवर त्याचे सव्वासतरा किलोहर्ट्झ होतात. एक क्रिस्टल वर सरकलं, दुसरं खाली, की दोन टोकांत पस्तीस किलोहर्ट्झचं अंतर पडतं. लांबचा पल्ला मिळावा म्हणून रिसीव्हरची खिडकी अरुंद ठेवली असेल, तर एक पेटी बोलते आणि दुसरीला ऐकूच येत नाही. त्यात तापमानाची भर. स्टार्टरची पत्र्याची पेटी एप्रिल-मेच्या उन्हात आतून भट्टीसारखी तापते आणि घरातली पेटी पंख्याखाली असते. सकाळी चालणारं यंत्र दुपारी मुकं होतं, संध्याकाळी पुन्हा बोलतं. शेतकरी तक्रार घेऊन येतो तेव्हा टेबलावर सगळं सुरळीत चालतं. हा दोष शोधायला त्या दोन मुलांना किती वेळ लागला ते मी इथे सांगत नाही; त्यातल्या एकीचे केस त्या उन्हाळ्यात पिकले. तापमान सांभाळणारं क्रिस्टल घेतलं असतं तर हे टळलं असतं. पण तसं क्रिस्टल घेतलं की तुमची बेरीज ७०० च्या वर जात होती, आणि तुम्हाला ७०० हवे होते.

फ्रिक्वेन्सीबद्दलही तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्या पहिल्या यादीत ८६६ नव्हतंच. ४३३ मेगाहर्ट्झचं ते स्वस्त, सर्वत्र मिळणारं मॉड्यूल होतं. मी नियमाची आठवण करून दिल्यावर तुम्ही ती ओळ खोडलीत. नियम असा: ४३३-४३४ मेगाहर्ट्झला २०१२ साली लायसन्समधून सूट मिळाली ती घरातल्या वापरासाठी, तीही १० मिलिवॉटपर्यंत. शेतातल्या मोटारीला कुठलं घर? बाहेर वापरायचं तर २००५ साली खुला झालेला ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, ट्रान्समीटरची शक्ती १ वॉटपर्यंत, वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. हे कुंभकोणमात बसून वाचता येतं. तुम्ही आधी वाचलं असतं तर बोर्डाचा पहिला आराखडा वाया गेला नसता.

आणि यात फक्त कागदाचा प्रश्न नाही. नारायणगावजवळ खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, गोविंद स्वरूपांनी उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या. त्यांचा एक ऐकण्याचा पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा आहे. ४३३ बरोबर त्यात बसतो. जुन्नर-नारायणगावच्या टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या शेतांतही मोटारी आहेत, आणि तुमच्यासारख्यांचं भाषण तिथेही होणार. तुमची स्वस्त पेटी तिथे लागली, तर तिची उरलेली किंमत खगोलशास्त्रज्ञ भरतील, आणि ती कुठल्याच पावतीवर दिसणार नाही.

८६६ वर गेलो म्हणून सुटलो असंही नाही. ट्रान्समीटर फक्त आपल्या सुरात बोलत नाही, त्याच्या दुप्पट-तिप्पट सुरांतही, म्हणजे हार्मोनिकांतही, कुजबुजतो. ८६६ ची दुप्पट १७३२. हा आकडा १७१० ते १७८५ मेगाहर्ट्झच्या मोबाइल पट्ट्यात येतो, जिथे टॉवर आपल्या फोनचा क्षीण आवाज ऐकत असतो. फिल्टर नीट नसेल तर शेतकऱ्याची मोटार सुरू होताना शेजारच्या टॉवरच्या कानात ओरडणार. म्हणून फिल्टर लागतो, तो स्वस्त. फिल्टर चालतो की नाही हे बघायला स्पेक्ट्रम अॅनालायझर लागतो, तो महाग. आणि ते सिद्ध करून सरकारला दाखवायला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लागतो.

इथे तुमचं सगळ्यात मोठं पाप आहे. तुम्ही सभेत म्हणालात, ‘या पट्ट्याला लायसन्स लागत नाही.’ लोकांनी ऐकलं: ‘मंजुरी लागत नाही.’ तुम्ही दुरुस्ती केली नाहीत. वापराचं लायसन्स लागत नाही हे खरं. पण यंत्र विकायचं तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल घ्यावी लागते. आता ती ऑनलाइन, स्वयंघोषणेने मिळते, आणि ही सुधारणा चांगलीच झाली. तरी प्रयोगशाळेचा अहवाल द्यावाच लागतो, आणि तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा. इथून चेन्नई तीनशे किलोमीटर. चेन्नईत तरमणीला समीरचं, म्हणजे मुंबईत पवईला मुख्यालय असलेल्या त्या सरकारी मायक्रोवेव्ह संस्थेचं, विद्युतचुंबकीय चाचण्यांचं केंद्र आहे. खाजगी प्रयोगशाळाही आहेत. रात्रीची गाडी पकडून पेटी मांडीवर घेऊन जायचं. चाचणीच्या खोलीचं भाडं तासाच्या हिशेबाने चालू होतं. पहिल्या तासात दुसऱ्या हार्मोनिकची रेघ मर्यादेच्या वर उठते. तिथे उभ्याउभ्या सोल्डरिंग गनने कपॅसिटर बदलून बघायचा, भाडं चालूच. रेघ उतरली नाही तर परत यायचं, बोर्ड नव्याने काढायचा, नव्या बोर्डांची वाट बघायची, पुन्हा जायचं. नापास झालेल्या चाचणीचेही पैसे द्यावे लागतात. तुमच्या यादीत ‘नापास’ ही ओळ असायला हवी होती. यंत्र बनवणाऱ्या प्रत्येकाला ती भरावी लागते.

हे फक्त नवशिक्यांचं होतं असं तुम्ही म्हणाल, पण एका जाणकाराचं उदाहरण घ्या. हैदराबादचे अशहर फरहान, हौशी रेडिओच्या जगात व्हीयू२ईएसई या संकेतनावाने ओळखले जाणारे, भारताने या क्षेत्राला दिलेलं मोठं नाव. आपल्याकडच्या हौशी लोकांना परदेशी सेट परवडत नाहीत, म्हणून बाजारात मिळणाऱ्या भागांतून बनवता येईल असा बिटएक्स नावाचा ट्रान्सीव्हर त्यांनी आखला आणि आराखडा सगळ्यांना खुला दिला. नळाच्या नायलॉन वॉशरवर कॉइल गुंडाळायची त्यातली युक्ती आजही लोक कौतुकाने सांगतात. पुढे २०१६ मध्ये बिटएक्स-४० चे तयार बोर्ड निघाले. कॉइल गुंडाळायचं, तपासायचं काम हैदराबादच्या बायकांच्या गटाकडे होतं. जगभरातून मागणी आली. त्यानंतरच्या मायक्रोबिटएक्सच्या सुरुवातीच्या बोर्डांत वापरणाऱ्यांनी स्पेक्ट्रम अॅनालायझरवर मोजून दाखवलं की नको ते सूर मर्यादेपेक्षा जास्त येताहेत. फरहान यांनी ते मानलं आणि बोर्डाची रचना बदलत नेत पाचव्या आवृत्तीत ते काबूत आणलं. एवढा जाणकार माणूस, इतकी मोठी मदतनीसांची फौज, तरी बोर्ड पुन्हा काढावा लागला. हा खर्च टळत नसतो. तो हिशेबात धरणारा माणूस प्रामाणिक असतो, एवढंच. आणि कॉइल गुंडाळणाऱ्या त्या बायकांची मजुरी? तुमच्या यादीत कॉइलची किंमत म्हणजे तांब्याच्या तारेची किंमत.

कुंभकोणमात येऊन तरी असा हिशेब करायचा नव्हता. इथून जवळच्या नाच्चियारकोविलला कावेरीच्या मातीच्या साच्यांत पितळी समया ओततात. दुकानदार समई काट्यावर टाकतो, किलोचा भाव लावतो, आणि त्याखाली दुसरी ओळ लिहितो: घडणावळ. पुण्याच्या तांबट आळीतही बंब-घंगाळ्याचा हिशेब असाच. त्या दुसऱ्या ओळीवर कुणी वाद घालत नाही, कारण ओतणाऱ्याचा हात, फुटलेला साचा, वाया गेलेलं ओतकाम सगळं त्यातच आलं, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं. तुम्ही मात्र या गावात येऊन रेडिओची फक्त पितळेची ओळ लिहिलीत.

आता सरळ गणित मांडतो, कारण मुद्दा इथेच आहे. समजा चाचण्या, वाया गेलेले बोर्ड, मोजमापाची यंत्रं, मंजुरी आणि दोघांचा पगार मिळून सहा लाख झाले. मोठ्या कंपनीने दहा हजार पेट्या केल्या तर दर पेटीला साठ रुपये. या मुलांनी शंभर केल्या तर दर पेटीला सहा हजार. भाग तेच, चिप तीच, तुमची ७०० ची बेरीजही तीच. तुमच्या बेरजेत भागाकार नव्हता. शंभर पेट्यांचा कारखाना आणि दहा हजार पेट्यांचा कारखाना यांना एकच किंमत सांगणारा माणूस छोट्याला बुडवतो आणि मोठ्याला फुकट जाहिरात करून देतो. या गावाला हिशेब नवे नाहीत. सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात, तंजावरी मराठी घराण्यात जन्मले. त्रावणकोरचं कर्ज फेडून त्यांनी तिथला खजिना सावरला, पुढे इंदूर आणि बडोद्याची दिवाणगिरी केली. गणितज्ञ रामानुजनचं लहानपण इथल्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या घरात गेलं. या गावाला आकड्यांची भीती नाही. खरा आकडा सांगितला असता तर लोकांनी तो पेलला असता. शंभर शेतकऱ्यांनी मिळून सहकारी संस्था काढली असती, किंवा तालुक्याने चाचणीचा खर्च उचलला असता, किंवा त्या मुलांनी आधी मंजुरी मिळालेलं तयार मॉड्यूल घेऊन फक्त भोवतीचं काम केलं असतं. मॉड्यूल महाग पडतं, पण छोट्या संख्येला तेच स्वस्त. हे तीनही मार्ग तुमच्या आकड्याने बंद केले, कारण ७०० च्या पुढचं सगळंच महाग दिसू लागलं.

बाजाराचंही थोडं. मोठ्या वितरकाकडे चिपचा पूर्ण रीळ घ्यायचा तर भांडवल अडकतं, वर अठरा टक्के जीएसटी आधी भरायचा. म्हणून छोटा माणूस सुटा माल शोधतो आणि नकली मालात सापडतो. २.४ गिगाहर्ट्झवरच्या एनआरएफ२४ चिपच्या नकला सगळीकडे पसरल्या आहेत. काही नकलांत पोचपावतीशी संबंधित एक बिट उलटा आहे. नकली नकलीशी बोलते, नकली अस्सलशी काही पद्धतींत बोलत नाही. एका खेपेतले नग चालतात, पुढच्या खेपेतले त्यांच्याशी जुळत नाहीत, आणि दोन्हींवर छापलेलं नाव एकच. २०२१-२२ च्या चिपटंचाईत तर साधे मायक्रोकंट्रोलर कित्येक पट किमतीला गेले. ज्याने सातशेवर आगाऊ पैसे घेतले होते, त्याच्याकडे किंमत वाढवायचं तोंड उरत नाही.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते आणि ती पैशाची नाही. मोटारीच्या पेटीत हात घातलेला माणूस आणि दूरवरून मोटार चालू करणारा माणूस यांच्या मध्ये तुमचा रेडिओ असतो. बाजारातल्या स्वस्त रिमोटमध्ये ठरलेला एकच संकेत असतो. शेजाऱ्याचा रिमोट जुळला की मोटार सुरू. कॉन्टॅक्टर सुटताना उठणारा विजेचा झटका रिसीव्हरमध्ये शिरला आणि प्रोग्राम भरकटला, तरी मोटार सुरू. म्हणून संकेत प्रत्येक वेळी बदलता हवा, सही तपासणारा हवा. सिग्नल तुटला तर यंत्राने काय करायचं हे ठरलेलं हवं, आणि दुरुस्ती चालू असताना मोटार कुठूनही सुरू होणार नाही असं कुलूप पेटीवर हवं. हे सगळं सॉफ्टवेअर आहे. वजन नाही, रंग नाही, यादीत ओळ नाही. ते लिहायला आणि तपासायला अनेक रात्री जातात. तुम्ही त्या रात्रींची किंमत शून्य धरलीत, म्हणजे त्या माणसाच्या हाताचीही शून्य धरलीत. सभेत याबद्दल एका वृद्ध शेतकऱ्याने प्रश्न विचारला होता. तुम्ही म्हणालात, ‘ते सॉफ्टवेअरमध्ये होऊन जाईल.’ ते आपोआप होत नसतं. कुणीतरी बसून करावं लागतं, आणि त्या कुणाला पगार द्यावा लागतो.

विक्रीनंतरचं तुम्ही कधी बोललातच नाही. पापनासमहून, वलंगैमानहून, नीडामंगलमहून बिघडलेल्या पेट्या बसमधून परत येतात. आत मुंग्यांनी घर केलेलं, पालीने रिलेवर प्राण सोडलेला, ओलाव्याने तांबं हिरवं पडलेलं. दुरुस्त करायचं, परत पाठवायचं, फुकट, कारण हमी दिलेली. नव्या पेटीचा नफा जुन्या पेटीच्या हमीत जातो. या गावात हे काम जाणणारी मुलं तयार होतात आणि चेन्नई-बंगळूरला जातात, कारण इथला मालक त्यांना सातशेतल्या उरलेल्या पैशातून पगार देऊ शकत नाही. आमच्या त्या दोघांतली ती मुलगीही आता बंगळूरला आहे. अँटेना जुळवण्यात तिचा हात इतका बसला होता की मी स्वतःची कामं तिच्याकडून तपासून घ्यायचो. तिच्या जाण्याची किंमत कुंभकोणमने भरली. तुम्ही नाही.

तुम्ही स्वस्ताचे भक्त आहात असं म्हणवता. स्वस्त यंत्र मलाही हवं आहे. शेतकऱ्याला ते परवडलं पाहिजे, याबद्दल माझं-तुमचं दुमत नाही. पण स्वस्त करण्याचे रस्ते मेहनतीचे आहेत. एकदा मोजलेला, पास झालेला अँटेनाचा आराखडा सगळ्यांना खुला द्या, म्हणजे प्रत्येक गावात तेच काम पुन्हा होणार नाही. जिल्ह्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतले स्पेक्ट्रम अॅनालायझर कपाटातून काढून आठवड्यातून एक दिवस छोट्या कारखान्यांना वापरू द्या. चाचणीच्या खोलीत पहिली नापास फेरी अर्ध्या दरात मिळावी म्हणून सरकारदरबारी भांडा. तुमचे तिथे संबंध आहेत, आमचे नाहीत. हे केलंत तर पेटीची किंमत खरोखर खाली येईल. पडद्यावर आकडा छोटा लिहिल्याने ती येत नाही.

आणि एक शेवटची मागणी. ज्या शेतकऱ्यांनी तुमच्या शब्दावर आगाऊ पैसे भरले, त्यांची यादी त्या दोघांकडे आहे. पैसे तेच दोघे हप्त्याने परत करताहेत, तक्रार न करता. पुढच्या पोंगलच्या आधी या, त्याच सभागृहात उभे राहा, पडद्यावर यादी पुन्हा लावा आणि या वेळी सगळ्या ओळी लिहा: चाचणी, नापास फेरी, खांब, केबल, मंजुरी, सॉफ्टवेअर, हमी, पगार. खाली बेरीज करा, तिला शंभराने भागा, आणि आलेला आकडा मोठ्याने वाचा. भाषांतराला मी उभा राहीन. तुम्ही आला नाहीत तर तीच यादी त्याच सभागृहात मी लावणार आहे, आणि सुरुवातीला तुमची जुनी बेरीज दाखवणार आहे.

कळावे.

कुंभकोणमहून,
रेडिओच्या धंद्यातला एक